मुंबईची ३९ मिनिटं

मंडळी, गेल्या महिन्यात माझ्या हातून एक पाप घडलं. एका सर्व्हरचं घड्याळ तीन मिनिटं पुढे पळत होतं. मी शहाणपणा करून, सगळं चालू असताना, ते एका फटक्यात मागे घेतलं. झालं! ऑर्डर येण्याआधीच तिचं बिल फाटल्याच्या नोंदी डेटाबेसमध्ये. निस्तरण्यात रात्र गेली.

खरं तर असं करायचं नसतं. फरक लहान असेल तर एनटीपीडी घड्याळाचे काटे फिरवत नाही, त्याची चालच किंचित मंद किंवा जलद करतो, सेकंदाला फार तर अर्धा मिलिसेकंद. वेळ मागे जात नाही, चालू प्रोग्रामना पत्ताही लागत नाही.

तेव्हा मला मुंबईची गोष्ट आठवली. १ जानेवारी १९०६ ला सरकारने देशासाठी एकच वेळ ठरवली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. रेल्वे पूर्वी मद्रास टाइमवर धावायची, तिचं नऊ मिनिटांत भागलं. पण मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटंच पुढे होती. म्हणजे ३९ मिनिटांची उडी, तीही एका रात्रीत!

आता गिरणी उघडण्याचा आकडा तोच ठेवला, तर कामगाराने सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी हजर व्हायचं. ऐन जानेवारीच्या अंधारात. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगारांनी काम बंद पाडलं. महापालिकेने तर बॉम्बे टाइम पुढे कित्येक वर्षं चालू ठेवला! स्टेशनात एक वेळ, महापालिकेत दुसरी.

पूर्वी मला हा निव्वळ हट्टीपणा वाटायचा. आता नाही वाटत. सरकारने घड्याळ बरोबर केलं, पण त्यावर कुणाकुणाचा दिवस चालू आहे हे पाहिलंच नाही. (मी तरी कुठे पाहिलं होतं म्हणा!) सहज हिशेब केला: एनटीपीडीच्या चालीने ३९ मिनिटं भरून काढायला ५४ दिवस लागले असते.

आमच्या सोलापुरातही सूर्य घड्याळाच्या साधारण २६ मिनिटं मागेच आहे, पण त्यावरून आता कोणी भांडत नाही. असो. आमच्या आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे असतं, सिद्धेश्वर एक्सप्रेस चुकू नये म्हणून. त्याला मी हात लावत नाही.