खेळाचा तास आणि खेळाचे द्रव्य

मुलांनी खेळावे की नाही, याविषयी आपल्याकडे फारसा वाद कधी झाला नाही. वाद झाला तो खेळाचा खर्च कोणी सोसावा, याविषयी. प्राथमिक शाळांतील शारीरिक शिक्षणाचा इतिहास हा बव्हंशी जमाखर्चाचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते. सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबार जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून तो चाळावा, असे येथे योजिले आहे.

प्रारंभी हा भार लोकांनीच उचलला. वऱ्हाडात अमरावतीस १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले. पुण्यास १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले असता अमरावतीच्या चमूने देशी खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखविली. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश सिद्धीस नेला. या कार्याची थोरवी कोण नाकारील? परंतु हे सारे शहरांचे वैभव होते. जेथे वर्गणी देणारा पेठेतला व्यापारी आणि शिकविणारा वस्ताद, तेथेच तालीम. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांत दाताही नव्हता आणि वस्तादही नव्हता.

लोकाश्रय जेथे पोहोचत नाही तेथे राजाश्रय हवा. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे गेला. १९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. त्याने स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यास समिती नेमली, आणि १९३८ साली कांदिवली येथे व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था सुरू झाली. शिक्षकावाचून मैदान व्यर्थ, हे त्या पिढीने नेमके ओळखले होते. तथापि तेथून तयार होऊन निघालेल्यांचा ओढा साहजिकच माध्यमिक शाळांकडे राहिला. खेड्यातील प्राथमिक शाळेत गणित, भाषा आणि कवायत या तिन्हींचा गुरू एकच राहिला.

पुढे कारभारी बदलत गेले. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. जुन्या पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा निघाला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेस क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य आवश्यक ठरविले. पण त्याच कायद्याचे परिशिष्ट बारकाईने वाचावे. आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक मिळावयाचा तो सहावी ते आठवीच्या वर्गांस, आणि तोही पटसंख्या शंभरांवर असेल तर. पहिली ते पाचवीच्या मुलांस असा शिक्षक देण्याची तरतूदच नाही. साठपर्यंत मुले असलेल्या शाळेस दोन शिक्षक. डोंगरातील पाड्यावरच्या शाळेचा पट तेवढाही नसला, तर तिचे सारे शारीरिक शिक्षण त्या दोघांच्याच सवडीवर.

पुढे २०१८-१९ पासून समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेस क्रीडासाहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरले. महिन्याला हिशेब केला तर चारशे सोळा रुपये! यात चेंडू येतील, दोऱ्या येतील, लेझिमीही येतील. त्यांचे शिक्षण देणारा मनुष्य येणार नाही. चणे आले, पण दातांची सोय राहिलीच.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, डोंगरातली मुले चढउतार करूनच काटक होतात. त्यांस निराळा व्यायाम कशाला? हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. डोक्यावर पाण्याची घागर घेऊन चढण चढणे हे कष्ट आहेत, शिक्षण नव्हे. खो-खोत गडी बसतो, उठतो, नियम पाळतो, हार सोसतो. हे संस्कार घागर करीत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ज्या जिल्ह्याचे नाव कुपोषणाच्या संदर्भात वारंवार निघते, तेथे आधी पोटोबा पाहावा. अगदी खरे. भुकेल्या मुलास पळविणे हे क्रौर्यच होय. परंतु म्हणूनच भोजन आणि खेळ यांचा एकत्र विचार करावयास हवा. एकाच्या नावाने दुसऱ्यास रजा देता कामा नये. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्यात दर शंभरांत सुमारे ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांच्या मुलांच्या वाट्यास अगोदरच थोडे आले आहे.

मग करावयाचे काय? प्रत्येक पाड्यास स्वतंत्र व्यायामशिक्षक देणे तिजोरीस झेपणार नाही, हे आम्ही जाणतो. पण एका केंद्रातील दहाबारा शाळांस मिळून एक शिकलेला शिक्षक नेमता येईल. तो आठवड्यास प्रत्येक शाळेत एकदा जाईल आणि उरलेल्या दिवसांचे खेळ तेथील गुरुजींस शिकवून येईल. उतारावरील जागा सपाट करणे हे मातीकाम आहे, आणि १९७७ सालीच रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्रास मातीकामाची योजना नवी नाही. खो-खोस दोन खांब लागतात, हुतुतूस तेही लागत नाहीत. देशी खेळांनी आपला खर्च असा मुळातच कमी करून ठेवला आहे.

तेव्हा द्रव्य थोडे आहे, ही सबब पुरेशी नाही. जे आहे ते वस्तूंवर जाते, माणसावर जात नाही, हे खरे दुखणे आहे. कांदिवलीची संस्था काढणाऱ्यांस जे १९३८ साली कळले होते, ते पहिलीच्या वर्गापर्यंत अद्याप पोहोचावयाचे आहे.