तेलाचा दाब आणि लाकडी खुंटी

मालमोटारीचे डिझेल एंजिन पूर्णपणे उतरवून पुन्हा बांधले, की कारखान्यात एक कसोटीचा क्षण येतो. एंजिन सुरू होते, धूर निवळतो, आवाज सुरेल लागतो. तेलाच्या दाबाचा काटा डौलाने वर चढतो आणि मालकाच्या मुद्रेवर समाधान उमटते. पण अर्ध्या तासाने एंजिन तापते, आणि संथ चालीवर तोच काटा हळूहळू खाली येऊन शून्याशेजारी विसावतो. मालकाने गाडीवर कर्ज काढलेले असते. मिस्त्रीची अब्रू पणाला लागलेली असते. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, “जाड तेल घाला.” दुसरा म्हणतो, “झडपेच्या स्प्रिंगखाली एक वॉशर सरकवा, काटा आपोआप वर येईल.”

श्रोतेहो, या सल्ल्यांत तथ्य किती, हे ठरवायचे तर सुमारे एकशे चाळीस वर्षे मागे, एका लाकडी खुंटीपाशी जावे लागते.

वंगण ही काही नवी वस्तू नव्हे. बैलगाडीचा आख कुरकुरू लागला की त्याला वंगण घालावे, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक होते. पण वंगणाने चाक हलके का फिरते, याचा उलगडा कोणाला झाला नव्हता. तेल म्हणजे दोन धातूंच्या मधला निसरडा लेप, एवढीच समजूत. जो शोध लागे तो धातूंचा लागे. १८३९ साली अमेरिकेत आयझॅक बॅबिट याने धारव्याच्या, म्हणजे आपण ज्याला बेअरिंग म्हणतो त्याच्या, नव्या रचनेचे पेटंट घेतले. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा त्याचा मऊ, पांढरा मिश्रधातू पुढे त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. तेल मात्र दुर्लक्षितच राहिले.

इंग्लंडमधील यंत्रअभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाच्या अभ्यासाचे काम बोशँप टॉवर नावाच्या अभियंत्याकडे सोपविले. त्याचा पहिला अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला. रेल्वेच्या आसासारखा चार इंच व्यासाचा दांडा, त्याच्या वरच्या अंगावर सहा इंच लांबीचे अर्धवर्तुळाकार बेअरिंग, आणि दांड्याची खालची बाजू तेलात बुडालेली, अशी त्याची मांडणी होती. वरून तेल सोडावे म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्याला अर्ध्या इंचाचे भोक पाडले. दांडा फिरू लागला आणि नवल घडले. ज्या भोकातून तेल आत जायचे, त्याच भोकातून ते उसळून बाहेर येऊ लागले! टॉवरने बूच मारले, ते उडाले. मग लाकडाची खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकत बाहेर पडली. शेवटी त्याने तेथे दाबमापक बसविला. त्याची मोजणी दर चौरस इंचाला दोनशे पौंडांपर्यंतच होती; काटा तीही मर्यादा ओलांडून गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र सुमारे शंभर पौंडच होता.

याचा अर्थ काय? दांडा धातूवर टेकलेलाच नव्हता. तो तेलावर तरंगत होता. आणि त्याला उचलून धरणारा दाब कोणत्याही पंपाने निर्माण केलेला नव्हता. तो दांड्याने फिरता फिरता स्वतःच निर्माण केला होता. या कोड्याचे गणित मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली मांडले. दांडा बेअरिंगच्या बरोबर मध्यावर नसतो. एका बाजूस फट निमुळती होत जाते. फिरणारा दांडा तेलाला त्या निमुळत्या जागेत ओढून नेतो. तेल पाचरीसारखे घुसते आणि भार उचलून धरते.

पण ही पाचर टिकायची तर तेलाचा पुरवठा अखंड हवा. १८९० साली अल्बर्ट पेन या इंग्रज अभियंत्याने वेगवान वाफेच्या एंजिनासाठी पंपाने तेल पोचविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डिझेल यांचे एंजिन तज्ज्ञांच्या परीक्षेस उतरले. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे, हे त्याचे तत्त्व. साहजिकच बेअरिंगवर येणारे धक्केही मोठे. संथ एंजिनांचे काम तेलाच्या शिंतोड्यांवर भागे. वेगवान, अनेक सिलिंडरांच्या डिझेलला पंपावाचून गत्यंतर उरले नाही.

आता आपल्या मिस्त्रीकडे परत येऊ. त्याच्यासमोरचा काटा खुंटी उडविणारा दाब दाखवीत नाही. तो केवळ पुरवठ्याचा दाब दाखवितो. पंप देतो ते तेल. दाब निर्माण होतो तो त्या तेलाला मिळणाऱ्या अडथळ्यामुळे. बागेतील रबरी नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी दूर उडते, अंगठा काढला की ते पायाशी सांडते; तसेच हे आहे. फटीतून वाहणाऱ्या तेलाचा हिशेब तर फारच कठोर आहे. इतर गोष्टी समान असता फट दुप्पट झाली, तर गळती दुप्पट नव्हे, आठपट होते. क्रँक घासून बारीक केला आणि बेअरिंग मात्र मूळ मापाचे बसविले, तर काटा खाली येणारच. तापल्यावर तेल पातळ होते, म्हणूनच थंडपणी झाकलेला दोष गरमपणी उघडा पडतो.

तेव्हा तपासाचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे असावा. प्रथम काट्याचीच साक्ष तपासावी; दुसरा, खात्रीचा दाबमापक थेट लावून पाहावा. मग तेलाची पातळी, त्याची प्रत, आणि त्यात डिझेल मिसळले आहे काय, हे पाहावे. त्यानंतर दाब मोकळा करणारी झडप पाहावी. धातूचा एक कीस अडकला तरी ती उघडी राहते. पुढे पंपाची शोषणनळी. तिच्या जोडातून हवा शिरत असेल तर पंप निरुपाय होतो. मग स्वतः पंप. तेलवाहिन्या धुण्यासाठी काढलेले एखादे बूच परत बसवायचे राहिले असेल, तर तेल आतल्या आत सांडत राहते. इतके सगळे निर्दोष ठरले, तरच बेअरिंगच्या फटी मोजाव्यात.

वॉशरचा सल्ला आता पारखता येतो. दाब ठरलेल्या मर्यादेखाली आहे, याचा अर्थ निकोप झडप आधीच बंद आहे. बंद दार आणखी घट्ट लावून घरातील गळती थांबत नाही. स्प्रिंग खरोखर थकली असेल, तर ती बदलावी. जाड तेलाने काटा थोडा चढेल. पण फट होती तेवढीच राहील, आणि थंड सकाळी तेच तेल दूरच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचेल.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बेअरिंगचे भोक तेलवाहिनीच्या भोकासमोर न येता उलटे बसले, तर काटा उत्तम दाब दाखवितो आणि ते बेअरिंग तेलावाचून जळते! वर चढलेला काटा हे निरोगीपणाचे प्रमाणपत्र नव्हे.

टॉवरला ती खुंटी पुन्हा हातोड्याने ठोकून मोकळे होता आले असते. तिच्या जागी दाबमापक लावून त्याने तिला प्रश्न विचारला, आणि एका शास्त्राचा पाया घातला गेला. खाली उतरलेल्या काट्यापुढे उभ्या असलेल्या मिस्त्रीलाही हाच मार्ग मोकळा आहे. काटा वर चढविणे हे त्याचे काम नव्हे. तो खाली का आला, हे शोधणे हे त्याचे काम आहे. एंजिन पुन्हा उतरविण्याची पाळी आली, तर एक दिवस वाया जाईल, चार शब्द ऐकावे लागतील. पण घाटात मध्यरात्री भारासह बंद पडणाऱ्या गाडीपेक्षा ते नुकसान कितीतरी स्वस्त पडेल.