डुलणारी जीप

जुनी जीपगाडी रस्त्यानें चालली म्हणजे तिच्या डुलण्याकडे लक्ष गेल्यावांचून राहत नाहीं. कोणी तिला उंटाची उपमा देतो, तर कोणी गलबताची. परंतु घाटाच्या वळणावर, एका अंगास कडा व दुसऱ्या अंगास दरी असतां, स्टिअरिंग धरून बसलेल्या माणसास त्यांत थट्टेचें कांहींच दिसत नाहीं. तो गाडी दुरुस्तीस नेतो. तेथें नवे शॉक-अॅब्सॉर्बर बसवून मिळतात. आठ दिवस बरें वाटतें आणि नवव्या दिवशीं गाडी पूर्ववत् डुलूं लागते. ताप कोणताही असो, कोयनेल पाजावयाचें, अशांतलाच हा प्रकार होय. वस्तुतः लोक ज्यास सरसकट डुलणें म्हणतात तें एक दुखणें नसून तीन निरनिराळीं दुखणीं आहेत, आणि तीं वेगळीं ओळखण्यास मनुष्यास सुमारें सव्वाशें वर्षें लागलीं.

पहिलें दुखणें घोडागाडीच्या काळचें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत ओबादाया इलियट यानें पोलादी पाटे एकावर एक रचून केलेल्या कमानींवर गाडी तोलून धरली. गचके कमी झाले. पण दबलेली कमान उसळते, उसळलेली पुन्हां दबते, ही नवी पीडा मागें लागली. पाट्यांचें परस्परांशीं होणारें घर्षण एवढाच त्या उसळण्यास लगाम होता. मोटारीच्या वेगापुढें तो अपुरा पडला, तेव्हां प्रथम घर्षणाचे व नंतर तेलाचे शॉक-अॅब्सॉर्बर निघाले. गाडीचा कोपरा दाबून सोडला असतां ती एकदोनदां हालून स्थिर न होतां हेलकावतच राहिली, तर हें दुखणें समजावें. नव्या शॉक-अॅब्सॉर्बरचें औषध लागू पडतें तें फक्त यालाच.

दुसऱ्याचें मूळही कमानींतच आहे. कमान दबली कीं तिची लांबी वाढते. म्हणून तिचें एक टोंक शॅकल नांवाच्या झुलत्या कडीस अडकविलेलें असतें. अशा गाडींत आंसाला जागेवर धरून ठेवण्याचें कामही या कमानींकडेच असतें. शॅकलचे बुश झिजले, किंवा आंस कमानीस आवळणारे यू-बोल्ट ढिले झाले, म्हणजे आंस गाडीखालीं तिरका सरकतो, आणि स्टिअरिंग न हालवितांही गाडी आपण होऊन वळूं पाहते. चालक सावरतो, ती उलट बाजूस जाते. पाहणारास दिसतें तें डुलणेंच.

तिसरें दुखणें मात्र विसाव्या शतकाचें अपत्य. १९२३ च्या सुमारास अमेरिकेंत मऊ, कमी दाबाचे ‘बलून’ टायर आले. त्याच काळांत पुढच्या चाकांनाही ब्रेक बसूं लागले व आंसाच्या टोंकांवरील भार वाढला. मग काय झालें, तर चांगल्या गाड्यांचीं पुढचीं चाकें ठराविक वेगास एकाएकीं डावीउजवीकडे थरथरूं लागलीं. त्या काळच्या एका नाचावरून या थरथरीस ‘शिमी’ असें नांव पडलें. नांव गमतीचें, पण रोग जीवघेणा. कारण हातांतील स्टिअरिंग अशा वेळीं हातांत राहीलच असा भरंवसा नसे. १९२५ सालीं ब्रूलिए या फ्रेंच अभियंत्यानें या विषयावर निबंध वाचून रोगाचें मूळ अखंड आंसांत दाखविलें. फिरत्या भोंवऱ्यास एका बाजूस कलंडवूं पाहिलें तर तो तिकडे न पडतां भलतीकडेच वळतो. चाक हाही भोंवराच. दोन्ही चाकें एकाच आंसाच्या टोंकांस जखडलेलीं. त्यामुळें एक खड्ड्यांत गेलें कीं दोन्ही कलतात, कललीं कीं वळतात, वळलीं कीं पुन्हां कलतात. झोपाळ्यावरील मुलास नेमक्या क्षणीं हलका धक्का मिळत गेला तर झोंका वाढतच जातो, तसेंच येथें होतें.

रोल्स-रॉइसमधून १९३० सालीं कॅडिलॅककडे गेलेल्या मॉरिस ऑली या इंग्रजानें पुढें वजनें इकडून तिकडे सरकवितां येतील अशी एक मोटार घेऊन १९३२ पासून प्रयोग केले. १९३४ सालीं जनरल मोटर्सच्या बहुतेक गाड्यांतून पुढचा अखंड आंस नाहींसा झाला व प्रत्येक चाक स्वतंत्रपणें वरखालीं होऊं लागलें.

आणि सहाच वर्षांनीं, १९४० मध्यें, जीप जन्मास आली ती तोच टाकलेला आंस घेऊन! हें अज्ञानानें झालें असें मात्र कोणीं समजूं नये. विलीस कंपनीचा मुख्य अभियंता डेलमार रूस यानें पूर्वी स्टुडबेकरच्या १९३५ च्या गाड्यांस स्वतंत्र चाकांची योजना दिली होती, व १९४६ च्या विलीस स्टेशन वॅगनलाही ती दिली. पण अमेरिकन सैन्यास हवी होती चारही चाकें ओढणारी, हलकी, रणांगणावर साध्या हत्यारांनीं दुरुस्त होणारी गाडी. अखंड आंस साधा, दणकट व स्वस्त. पुढच्या-मागच्या चाकांत अवघें ८० इंच अंतर, बैठक उंच, कमानी आंखूड. त्यांत स्टिअरिंगची ओढ आंसाच्या मध्यावरील बेलक्रँक नांवाच्या तरफेंतून दोन दांड्यांनीं चाकांपर्यंत जाणारी. जितके सांधे अधिक तितकी झीज अधिक. सैन्याच्या दृष्टीनें सौदा योग्यच होता. त्याची किंमत पुढें नागरिकांनीं दिली.

म्हणून जीपची परीक्षा स्वस्तापासून महागाकडे करावी. आधीं टायरांतील हवा. मग पुढचीं चाकें मागें घालून पाहणें. नंतर आंस जॅकवर उचलून चाक वर व खालीं धरून हालवावें. ढिलेपणा आढळल्यास दुसऱ्यास ब्रेक दाबावयास सांगावें. ढिलेपणा गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिला तर किंगपिनचा. किंगपिनच्या झांकणाखालच्या पातळ चकत्या काढून बेअरिंग घट्ट करतां येतें. किती घट्ट, तें ताणकाट्यानें ओढून मोजतात. शेवटीं चाकें जमिनीवर ठेवून एकानें स्टिअरिंग थोडें डावेंउजवें करावें व दुसऱ्यानें खालीं वांकून बेलक्रँक, दांड्यांचे सांधे व शॅकल यांवर नजर ठेवावी. किंगपिनचा मागील बाजूचा तीन अंशांचा कलही पाहावा. बसलेल्या कमानींमुळें तो बिघडतो. हें सर्व टाळून स्टिअरिंगला डँपर जोडण्याची जी चाल पडली आहे ती घातक होय. थरथर दबते, झीज चालूच राहते.

मुंबईस महिंद्रांनीं विलीस जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडण्यास १९४७ सालीं प्रारंभ केला, व अखंड आंसाच्या जीपा त्यापुढें कित्येक दशकें या देशांत निघत राहिल्या. त्याच घराण्यांतील १९१० नव्हे, १९४० च्या कल्पनेची वारस अशी जी ‘थार’ २०१० सालीं आली, तिच्या पुढच्या चाकांस अखेर स्वातंत्र्य मिळालें. मागें मात्र पाट्यांच्या कमानी राहिल्याच, व त्यांबरोबर शॅकलचे बुशही.