सचेतनपट-आज्ञावली
सचेतनपट-आज्ञावली : क्रमाक्रमाने किंचित बदलत जाणाऱ्या चित्रांना गतीचा आभास देण्यासाठी वापरली जाणारी संगणकीय साधने. अशा व्यावसायिक आज्ञावलीचे उत्पादन बंद झाले म्हणजे तिला पर्याय शोधावा लागतो. हा शोध वरकरणी नव्या हत्याराचा वाटतो. वस्तुतः तो जुने काम वाचविण्याचा असतो.

संगणकापूर्वी ही अडचण एवढी बिकट नव्हती. नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्याथोड्या अंतराने टिपून पडद्यावर दाखविली. पुढे आगकाड्यांची मौज (१९१५) या लघुपटात त्यांनी हीच युक्ती निर्जीव काड्यांना लागू केली. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली व्यंगपट विभाग निघाला. तेथे डिस्ने संस्थेतील क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली राम मोहन (१९३१–२०१९) प्रभृती कलावंत तयार झाले. या परंपरेत चित्र कागदावर वा पारदर्शक तावावर असे व अखेरीस फितीवर उतरे. कॅमेरा मोडीत निघाला तरी फीत उजेडासमोर धरताच चित्र दिसते. त्यासाठी कॅमेऱ्याच्या उत्पादकाची परवानगी लागत नाही. (फीतही नाशवंतच असते, ही गोष्ट वेगळी.)

संगणकीय फाइलचे तसे नाही. ती जिने घडविली त्या आज्ञावलीवाचून बहुधा पूर्णपणे उघडत नाही. मुंबई-पुण्यातील कलागृहे मुख्यत्वे परदेशी आज्ञावलींवर काम करीत आल्याने दूरच्या उत्पादकाचे निर्णय त्यांनाही बाधतात.

‘सॉफ्टइमेज’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. डॅनियल लांग्ल्वा यांनी १९८६ मध्ये मॉन्ट्रिऑल येथे स्थापिलेल्या कंपनीची ही आज्ञावली. ज्युरासिक पार्क (१९९३) मधील संगणकनिर्मित डायनोसॉरांच्या हालचाली तिच्या साहाय्याने रचल्या गेल्या. १९९४ मध्ये ती मायक्रोसॉफ्टकडे, १९९८ मध्ये अ‍ॅव्हिडकडे आणि २००८ मध्ये ऑटोडेस्ककडे गेली. मार्च २०१४ मध्ये ऑटोडेस्कने ‘सॉफ्टइमेज २०१५’ ही शेवटची आवृत्ती असेल, असे जाहीर केले व ‘माया’ आणि ‘थ्रीडीएस मॅक्स’ ही आपलीच अन्य उत्पादने पर्याय म्हणून पुढे केली. आकृती, सांगाडे आणि हालचालींच्या नोंदी ‘एफबीएक्स’ स्वरूपात नव्या घरी नेता येत. परंतु धूर, कण, गर्दी यांसाठी ‘आयसीई’ प्रणालीत बांधलेले नियम त्यातून जात नसत. ते पुन्हा रचावे लागत. वर्षानुवर्षांचे कसब खरे तर याच भागात साठलेले होते. त्यामुळे कंपनीने सुचविलेला पर्याय हा अर्धाच पर्याय ठरला.

याहून निराळा मार्ग ‘ब्लेंडर’ने दाखविला. तिची कंपनी २००२ मध्ये बंद पडल्यावर मूळ कर्ते टोन रोझेंडाल यांनी वापरकर्त्यांकडून सुमारे सात आठवड्यांत १ लाख यूरो उभे केले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये तिची मूळ संहिता सर्वांस खुली केली. मूळ इटलीची आणि स्टुडिओ जिब्लीने दीर्घकाळ वापरलेली ‘टून्झ’ ही द्विमितीय आज्ञावली २०१६ मध्ये ‘ओपनटून्झ’ या नावाने अशीच खुली झाली. जिब्लीने स्वतःच्या गरजेनुसार करून घेतलेल्या सुधारणाही तीत समाविष्ट आहेत.