उत्तरायुष्याचा विकार : एचआयव्ही आणि हृदय

एड्सविषयक जे पाश्चात्त्य साहित्य आपण तौलनिक अभ्यासासाठी निवडतो, ते बहुतांशी एका अल्प कालखंडातले असते. सुसान सॉन्टॅग यांचे ‘एड्स अँड इट्स मेटाफर्स’ १९८९ चे. एर्व्हे गिबेर यांची आत्मपर कादंबरी १९९० ची आणि त्यांचा मृत्यू १९९१ मधला. या कालखंडातील रुग्णकथनांत काळ मृत्यूच्या दिशेने सरळ धावतो. १९९६ साली व्हँकुव्हर येथील परिषदेत तीन औषधांच्या संयुक्त उपचाराचे निष्कर्ष मांडले गेले आणि हा काळ एकाएकी लांबला. पुढे जो रुग्ण जगला, पन्नाशीला पोहोचला, त्याची कथा मुख्यतः वैद्यकीय नियतकालिकांनी लिहिली. त्या कथेत हृदयविकाराचे स्थान मोठे आहे. मात्र तिचे पहिले कथन अपुरे होते आणि अपुरे कथन येथे जिवावर बेतू शकत होते.

पहिला संशय औषधांवर गेला. प्रोटिएज-प्रतिबंधक औषधांमुळे रक्तातील मेद वाढतो, हे लवकरच दिसून आले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डी:ए:डी’ या बहुराष्ट्रीय पाहणीनुसार, संयुक्त उपचाराच्या पहिल्या चार ते सहा वर्षांत हृदयविकाराच्या झटक्याचा सापेक्ष धोका प्रतिवर्षी २६ टक्क्यांनी वाढत होता. याच पाहणीतील २३,४६८ रुग्णांपैकी १२६ जणांना झटका आला होता. पहिला आकडा स्मरणात राहतो, दुसरा विसरला जातो. वर देणाऱ्यावरच वर उलटतो, हा कथाबंध भस्मासुराच्या आख्यानापासून आपल्या परिचयाचा आहे. कदाचित म्हणूनच तो इतक्या सहजपणे पटतो.

भारतात १ एप्रिल २००४ रोजी शासनाचा मोफत उपचार सुरू झाला. त्या काळच्या स्वस्त गोळ्यांत स्टॅव्ह्युडिन असे. तिच्या दीर्घ सेवनाने गालांवरील चरबी झडत असे. जे लपवावयाचे तेच चेहऱ्यावर उमटू लागे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. औषधांविषयीचा संशय सर्वस्वी निराधार नव्हता, हे यावरून दिसते.

मग औषध अधूनमधून थांबवले तर? ‘स्मार्ट’ या चाचणीने ५,४७२ रुग्णांमध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. २००६ साली आलेले उत्तर अपेक्षेच्या उलट होते. उपचार खंडित करणाऱ्या गटात मृत्यू तर वाढलेच. पण हृदय, मूत्रपिंड व यकृत यांचे गंभीर विकारही वाढले. (मराठीतील ‘काळीज’ यकृतही असते आणि हृदयही, येथे दोन्ही एकाच बाजूला आली.) अनियंत्रित विषाणू आणि त्याने चेतवलेला दाह रक्तवाहिन्यांना अपाय करतो, हे त्यानंतर ठळकपणे पुढे आले. विषाणू औषधाने आटोक्यात असतानाही हा दाह मंदपणे चालू राहू शकतो. म्हणून केवळ वय, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांवर बेतलेली धोक्याची गणिते या रुग्णांच्या बाबतीत अनेकदा कमी आकडा दाखवतात.

व्यवस्थापनाचा बराचसा भाग नाट्यहीन आहे : तंबाखू सोडणे, रक्तदाब व मधुमेह यांवर लक्ष ठेवणे, उपचार न मोडणे. स्टॅटिन निवडताना मात्र जपावे लागते. रिटोनाव्हिरसोबत सिम्व्हास्टॅटिन दिल्यास त्याचे रक्तातील प्रमाण घातक पातळीपर्यंत वाढू शकते. ‘रिप्रीव्ह’ या चाचणीत पिटाव्हास्टॅटिन वापरले गेले. भारतासह बारा देशांतील, ४० ते ७५ वयाचे ७,७६९ स्त्री-पुरुष तीत होते आणि रूढ गणितानुसार त्यांचा धोका अल्प वा मध्यम होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार गोळी घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी घडल्या. मधुमेहाचे प्रमाण किंचित वाढले. चाचणीच्या आद्याक्षरांतून साधलेल्या या नावाचा इंग्रजीतील अर्थ आहे, शिक्षेला मिळालेली तहकुबी.