उचल

प्रेमाचे सोंग आणून ऑनलाइन पैसे उकळणारी माणसे परमुलखातल्या अड्ड्यांत पोचतात कशी, याचे उत्तर लोभ या एका शब्दात दिले जाते. बीडच्या ऊसतोडीचा इतिहास मला वेगळे उत्तर सुचवतो. म्यानमारात 1 लाख 20 हजार आणि कंबोडियात सुमारे 1 लाख माणसे अशा अड्ड्यांत डांबलेली असावीत, असा संयुक्त राष्ट्रांचा 2023 चा अंदाज आहे. आधी चांगल्या नोकरीचे आमिष. पोचल्यावर पासपोर्ट जप्त, तिकिटाचा खर्च अंगावर आणि सुटायचे तर पैसे भरा. मार्च 2025 मध्ये वायुसेनेच्या एका विमानाने थायलंडच्या माए सोतहून 283 भारतीय परत आणले, ते अशाच अड्ड्यांतून.

या रचनेतला कळीचा शब्द बीडमध्ये घरोघरी ठाऊक आहे : उचल, म्हणजे कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. 1950 नंतर प्रवरेपासून सहकारी कारखाने उभे राहत गेले, कालव्यांच्या पट्ट्यात ऊस वाढला आणि तोडणीला माणसे आली ती आष्टी, पाटोदा, धारूरसारख्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांतून. 1972 च्या दुष्काळाने हा ओघ पक्का केला. कारखाना मुकादमाला पैसे देतो, मुकादम ते पावसाळ्यातच कोयत्याला वाटतो. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. (हत्याराच्या नावाने माणसे मोजणारा धंदा आपल्याबद्दल पुरेसे सांगून जातो.) दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, काही कर्नाटकाची हद्दही ओलांडतात. हंगामात उचल फिटली नाही की बाकी पुढच्या वर्षावर चढते.

उचल मजूर आपणहून मागतो, कित्येक जण ती घेऊन पळतात आणि मुकादमच फसवणुकीची फिर्याद घेऊन ठाण्यात जातो, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण 1976 चा वेठबिगारी निर्मूलन कायदा संमतीपाशी थांबत नाही. आगाऊ रकमेपायी काम सोडण्याचे, दुसरीकडे जाण्याचे स्वातंत्र्य गेले का, हे तो पाहतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ऊसतोड कामगार कुणाची आयुष्यभराची पुंजी लुटत नाही. हा फरक पुसता येणार नाही, पुसूही नये. मजुराला ठकाच्या पंगतीत बसवणे हा अन्यायच. साम्य आहे ते माणूस नेण्याच्या रीतीत, त्याच्या हातून होणाऱ्या कामात नाही. म्हणून परतलेल्या पोराची चौकशी जरूर व्हावी. त्याला उचल कुणी दिली, हे मात्र पहिल्याच दिवशी विचारावे.