माळावरचा समुद्र

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या सडकेवर, भीमेच्या परिसरांत, टेंभुर्णी हें गांव लागतें. तेथून एक वाट पंढरपुराकडे वळते, दुसरी कुर्डुवाडी-बार्शीच्या अंगाला जाते. ज्वारीचीं शेतें, उघडे माळ आणि पावसाची कायमची अनिश्चितता ही या मुलखाची ओळख. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि नजर पोंचेल तेथवर पसरलेलें पाणी या भागाच्या शेजारीं आलें. त्यापूर्वीं मोठें पाणी म्हणजे पावसाळ्यांतली दुथडी भरलेली भीमा. अशा मुलखांतल्या प्रेक्षकांस समुद्र दाखवावयाचा, त्यावर गलबतें झुंजवावयाचीं आणि तें सारें त्यांस खरें वाटावयास लावावयाचें, हा उद्योग १९३६ सालीं एका मराठी चित्रपटसंस्थेनें अंगावर घेतला. नवलाची गोष्ट ही कीं, ती संस्थाहि समुद्रकांठची नव्हती. ती ‘प्रभात’, आणि तो चित्रपट ‘अमर ज्योति’.

‘प्रभात फिल्म कंपनी’ची स्थापना १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत झाली. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हे चार कलावंत व सीतारामपंत कुलकर्णी हे धनको, अशी ही पांच जणांची भागीदारी होती. चौघेहि कलावंत बाबूराव पेंटर यांच्या ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’त तयार झालेले. पेंटरांनीं दामल्यांच्या साहाय्यानें आपला कॅमेरा स्वत: घडविला होता. जें बाजारांत मिळत नाहीं तें आपल्या हातानें करावयाचें, ही त्या कोल्हापुरी पेढीची शिस्त ‘प्रभात’नें पुढें चालविली. १९३३ सालीं संस्था पुण्यास आली आणि एरंडवण्याच्या माळावर तिचा स्टुडिओ उभा राहिला. सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवरची ही जागा. समुद्री साहसाचा चित्रपट काढण्यास याहून गैरसोयीचें स्थान निवडणें कठीणच!

पुण्यास येतां येतांच संस्थेनें मोठे प्रयोग आरंभिले होते. १९३३ च्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठीं शांताराम जर्मनीस गेले. ते रंग मनासारखे उतरले नाहींत. परंतु तेथील स्टुडिओंतील कामाची रीत त्यांना जवळून पाहतां आली. १९३४ च्या ‘अमृत मंथन’मध्यें दूरदर्शी भिंगाच्या साहाय्यानें घेतलेलें चंद्रमोहनच्या डोळ्यांचें समीपदृश्य अजूनहि चित्रपटप्रेमींच्या बोलण्यांत येतें. पुढें १९३६ सालीं एकाच माळावर दोन अगदीं भिन्न चित्रें तयार झालीं. एकांत दामले-फत्तेलाल देहूच्या संत तुकारामांचें चरित्र मांडीत होते. दुसऱ्यांत शांताराम चांच्यांच्या राणीची कथा रचीत होते.

ही राणी म्हणजे सौदामिनी. तिचें काम दुर्गाबाई खोटे यांनीं केलें. राज्याचा कायदा सौदामिनीला तिच्या पोटच्या मुलाचा ताबा नाकारतो. न्याय मागावयास गेलेल्या आईला दरबारांत न्याय मिळत नाहीं, तेव्हां ती समुद्राचा आश्रय घेते आणि ज्या राज्यानें तिला दार बंद केलें त्या राज्याचीं गलबतें लुटूं लागते. तिच्या टोळीनें अडविलेल्या एका राजनौकेवर दुर्जय हा न्यायमंत्री सांपडतो. त्याच नौकेवर राजकन्या नंदिनी लपलेली असते. दुर्जय झाले होते चंद्रमोहन, आणि नंदिनी झाल्या होत्या शांता आपटे. नंदिनीची पुढें ज्या मेंढपाळ तरुणाशीं प्रीति जुळते, तो सुधीर सौदामिनीचा हरवलेला मुलगाच निघतो. कथा के. नारायण काळे यांची, आणि शेखर ही भूमिकाहि त्यांचीच. संगीत मास्तर कृष्णरावांचें, छायालेखन व्ही. अवधूत यांचें. चित्रपट हिंदींत निघाला, परंतु त्यामागील हात बहुतेक मराठी होते.

चांच्यांचीं चित्रें हा त्या काळीं अमेरिकेचा आवडता विषय होता. १९२४ सालच्या ‘द सी हॉक’साठीं खऱ्या नौकांच्या सांगाड्यांवर जुन्या पद्धतीचीं मोठीं गलबतें बांधून तीं समुद्रांत उतरविण्यांत आलीं. १९२६ सालीं डग्लस फेअरबँक्स यांचा ‘द ब्लॅक पायरेट’ दोन रंगांच्या टेक्निकलर पद्धतीनें निघाला. १९३५ च्या अखेरीस एरॉल फ्लिन यांचा ‘कॅप्टन ब्लड’ आला. त्यावर सुमारें बारा लक्ष डॉलर खर्च झाले असतांहि नाविक युद्धाचीं कांहीं दृश्यें जुन्या ‘सी हॉक’मधून उचलावीं लागलीं आणि बाकीचें काम लहान प्रतिकृतींवर भागविलें गेलें. समुद्र हा चित्रपटवाल्यांना नेहमींच महाग पडत आला आहे. १९९५ च्या ‘कटथ्रोट आयलंड’चें अपयश तो काढणाऱ्या कंपनीच्या दिवाळ्याशीं कायमचें जोडलें गेलें, आणि २०११ च्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ मालिकेंतील चवथ्या चित्रपटावर पस्तीस कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला. अमेरिकेपाशीं महासागर होता, पैसाहि होता; तरीहि तिला खोट्या समुद्रावांचून गत्यंतर नव्हतें. याचें कारण खऱ्या समुद्राच्या स्वभावांतच आहे. तो कॅमेऱ्याला स्थिर राहूं देत नाहीं, दुपारचा प्रकाश सकाळच्या प्रकाशाशीं जुळूं देत नाहीं, आणि बोलपटाच्या युगांत सर्वांत मोठी अडचण अशी कीं, लाटांच्या गाजेंत नटाचे शब्द बुडून जातात.

त्यावर स्टुडिओंतील कारागिरांनीं ज्या युक्त्या शोधून काढल्या त्या समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली युक्ति लहान प्रतिकृतीची. हौदांत छोटें गलबत सोडून त्याचें चित्र घेतलें तर तें खेळण्यासारखें डचमळतें. गलबत लहान करतां येतें, पण पृथ्वीचें आकर्षण लहान करतां येत नाहीं. म्हणून कॅमेरा वेगानें चालवावयाचा आणि पडद्यावर चित्र नेहमींच्या वेगानें दाखवावयाचें, म्हणजे हालचाल संथ व जड भासते. यालाहि हिशेब आहे: प्रतिकृति खऱ्या गलबताच्या सोळाव्या हिश्श्याची असेल, तर वेग सोळाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे चौपट ठेवावा लागतो. तथापि पाण्याचा थेंब कांहीं केल्या लहान होत नाहीं. म्हणून उडणाऱ्या तुषारांवरून जाणत्या प्रेक्षकास लबाडी कळते.

दुसरी युक्ति पार्श्वप्रक्षेपणाची. समुद्राचें चित्र अगोदर घेऊन ठेवावयाचें. मग स्टुडिओंत अर्धपारदर्शक पडदा ताणून त्याच्या मागून प्रक्षेपकानें तें चित्र त्यावर पाडावयाचें. पडद्यापुढें गलबताच्या डेकचा देखावा, त्यावर नट, आणि नटांसमोर कॅमेरा. प्रक्षेपकाची व कॅमेऱ्याची झडप एकाच क्षणीं उघडावी लागते. तीं दोन यंत्रें जरा जरी मागेंपुढें झालीं तरी समुद्र लुकलुकूं लागतो. नटांवरचा उजेड पडद्यावर सांडला तर लाटा फिक्या पडतात. हें सारें साधलें म्हणजे मात्र नटीला समुद्राच्या मध्यभागीं उभें करून तिचा हलका उच्छ्वासहि ध्वनियंत्रास टिपतां येतो. ‘अमर ज्योति’मध्यें शांतारामांनीं ही पद्धति वापरली, भारतीय चित्रपटांत ती तेव्हां नवी होती. तिसरी युक्ति सर्वांत साधी: डेकचा देखावा स्थिर ठेवून कॅमेराच हळूहळू कलता करावयाचा, आणि तोल सांवरण्याचें काम नटांच्या पायांवर सोंपवावयाचें.

परंतु केवळ यंत्रांच्या हुशारीनें ‘अमर ज्योति’ला महत्त्व आलेलें नाहीं. अमेरिकन चित्रांतील चांचा बहुधा एखादा अन्यायग्रस्त सरदार किंवा साहसप्रिय तरुण असतो, आणि त्याला पाहिजे असतें धन, सूड अथवा एखादी सुंदर युवती. सौदामिनीला पाहिजे आहे आपलें मूल. चांच्यांच्या कथेच्या मुळाशीं मुलाच्या पालकत्वाचा प्रश्न ठेवणें ही या चित्रपटाची खरी धिटाई होय.

तो प्रश्न कल्पनेंतला नव्हता. राज्य काल्पनिक, पोशाख काल्पनिक. कायदा मात्र प्रेक्षकांच्या घरांतला होता. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानें, बाप हयात असून नालायक ठरलेला नसेल तर त्याच्या अज्ञान मुलास न्यायालयानें दुसरा पालक नेमूं नये, असें घातलें होतें. आईचा हक्क बापाच्या मागून येई. याच महाराष्ट्रांत १८८७ सालीं रखमाबाईंना, पतीच्या घरीं जा नाहीं तर तुरुंगांत जा, असा हुकूम ऐकावा लागला होता; आणि त्यांनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली होती. कथाकार काळे हे ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेच्या संस्थापकांपैकीं एक. त्या संस्थेनें १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक रंगभूमीवर आणलें, आणि पुरुषाची नीति व स्त्रीची नीति यांना निरनिराळे माप कां, हा बियर्नसन या नॉर्वेच्या नाटककाराचा प्रश्न मराठी प्रेक्षकांपुढें ठेवला. जो प्रश्न दिवाणखान्याच्या देखाव्यांत विचारला गेला होता, त्याच्या जातीचाच प्रश्न तीन वर्षांनीं गलबताच्या डेकवरून विचारला गेला.

चांचा कोणास म्हणावयाचें, हें महाराष्ट्रास नव्यानें शिकविण्याची गरज नव्हती. मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंगरे आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांकडे दस्तकाची मागणी करीत. इंग्रज कंपनीनें मात्र त्यांची गणना चांच्यांत केली. कान्होजी १७२९ सालीं वारले. १७५६ सालीं वॉटसन व क्लाइव्ह यांनीं तुळाजी आंगऱ्यांपासून विजयदुर्ग घेतला, तेव्हां पेशव्यांचेंच साहाय्य इंग्रजांना होतें. एका दफ्तरांत जो सरखेल, तोच दुसऱ्या दफ्तरांत लुटारू. दफ्तर कोणाच्या हातीं आहे यावर सारें अवलंबून. सौदामिनीला चांची ठरविणारें दफ्तरहि तिला न्याय नाकारणाऱ्यांच्याच हातीं आहे.

ही भूमिका ज्यांनीं उभी केली त्या दुर्गाबाई मुंबईच्या सुखवस्तू घराण्यांतील, सेंट झेव्हियर कॉलेजांत शिकलेल्या. घरंदाज स्त्रियांनीं चित्रपटांत काम करणें समाजास रुचत नव्हतें अशा काळीं त्या या धंद्यांत आल्या. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या ‘प्रभात’च्या पहिल्या बोलपटांत त्या तारामती झाल्या होत्या. दोन मुलांची आई असून त्यांच्या पालनपोषणाचा भार त्या स्वत:च्या कमाईनें वाहत होत्या. पतीच्या सत्यासाठीं सर्वस्व सोसणारी तारामती आणि न्यायासाठीं तरवार उपसणारी सौदामिनी, या दोन्ही स्त्रिया चार वर्षांच्या अंतरानें एकाच नटीनें रंगवाव्या, हा त्या चार वर्षांत घडलेल्या विचारांच्या प्रवासाचाहि इतिहास आहे.

‘अमर ज्योति’ लोकांना आवडला, आणि व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांतहि तो दाखविला गेला. १९३७ सालीं त्याच महोत्सवांत ‘संत तुकाराम’चाहि गौरव झाला. ज्या शहरानें शतकानुशतकें गलबतांवर आपलें वैभव उभारलें, त्याच शहरांत दख्खनच्या पठारावर बनविलेला समुद्र पाहिला गेला. पुढें १९४२ सालीं शांताराम ‘प्रभात’ सोडून गेले. १९४५ सालीं दामले वारले. १९५३ सालीं संस्थेचें काम थांबलें. १९६० सालीं त्याच जागेंत सरकारी चित्रपट-शिक्षणसंस्था सुरू झाली. ८ जानेवारी २००३ रोजीं त्याच आवारांतल्या, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कोठारास आग लागून जुन्या, ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मवरील अनेक चित्रें नष्ट झालीं. ‘अमर ज्योति’ मात्र प्रतीच्या रूपानें आजहि पाहावयास मिळतो.

आजच्या प्रेक्षकाला त्यांतल्या लाटा खोट्या आहेत हें तेव्हांच कळतें. संगणकानें काढलेल्या समुद्रास तो सरावला आहे. सौदामिनीचा प्रश्न मात्र पडद्यावरून उतरून दीर्घकाळ न्यायालयांत चालत राहिला. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानें पांच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यत: आईकडे असावा असें ठरविलें, नैसर्गिक पालक मात्र आधीं बाप व नंतर आई, हा क्रम तसाच ठेवला. १९९९ सालीं गीता हरिहरन यांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्या ‘नंतर’ शब्दाचा अर्थ विस्तारला: बापाच्या मृत्यूनंतरच नव्हे, तर तो मुलाकडे लक्ष देत नसेल तेव्हां त्याच्या हयातींतहि आईला पालक म्हणून उभें राहतां येईल. १८९० च्या कायद्यांतील त्या कलमांत आईचें नांव बापाच्या जोडीला बसावयास २०१० साल उजाडावें लागलें. सौदामिनीनें गलबत हांकारल्यावर चौऱ्याहत्तर वर्षांनीं कायद्याच्या त्या ओळींत आईला जागा मिळाली.